टॉवेलाआडची लाज

आमच्या मुलाने कॉलेजच्या सहलीला जायला नकार दिला, तेव्हा मला अभिमान वाटला होता.

इथे जपानमध्ये विद्यापीठात झेमी नावाचा प्रकार असतो. एका प्राध्यापकाभोवती दहा-बारा विद्यार्थ्यांचा गट, आणि वर्षातून एकदा त्या सगळ्यांनी मिळून डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्याशी, म्हणजे ओन्सेनला, मुक्कामाला जायचं. दिवसभर अभ्यास आणि जेवणाआधी एकत्र आंघोळ. मुलगे एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला, आणि अंगावर कपडा म्हणून नाही. मुलगा म्हणाला, "मी नाही जाणार. मला ते बाथचं नाही जमत."

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मी हे पुण्याला वडिलांच्या कानावर घातलं. सहा वर्षांचा असल्यापासून हा टोकियोतल्या निशी-कसाईत वाढला, शाळा इथली, मित्र इथले, तरी पोरगं लाजतं बघा, असं मी अगदी कौतुकाने सांगितलं. वडील खूश झाले. "संस्कार म्हणतात ते हेच," म्हणाले. "टिकवलेत हो तुम्ही दोघांनी." मी मान डोलावली. बायको मागे कणीक मळत होती. कॉल संपल्यावर ती म्हणाली, "लाजतोय की घाबरतोय, ते विचारलंस का त्याला?"

मी म्हटलं, "त्यात काय विचारायचं? माझाच मुलगा आहे."

हे मात्र अगदी खरं होतं. आमच्या घराण्यात पुरुषाचं उघडं अंग कुणी पाहिलेलं नाही. टॉवेलाखाली कपडे बदलण्याची कला मी वडिलांकडून शिकलो. टॉवेलाचं एक टोक दातात धरायचं, एका पायावर उभं राहायचं आणि आतल्या आत सगळा कारभार उरकायचा. पुण्यात पोहायला जायचो तिथेही आम्ही सगळी मुलं भिंतीकडे तोंड करून अशीच डुलत उभी असायचो. पुढे टोकियोच्या कंपनीत लागलो आणि पहिल्याच वर्षी ऑफिसबरोबर हाकोनेच्या ओन्सेनला गेलो. तिथे आंघोळीसाठी हातात एक छोटा टॉवेल देतात. तो अंग घासायला असतो हे मला कोण सांगणार? मी तो पंच्यासारखा कमरेला गुंडाळला. जपानी टॉवेल आणि मराठी पोट, त्यामुळे दोन टोकांची गाठ काही पडेना. एका हाताने टोकं आवळून धरत मी तसाच पाण्यात उतरलो. टॉवेल पाण्यात बुडवणं म्हणजे तिथे मोठाच अपराध. एक म्हातारा ओरडला, मग माझ्या मॅनेजरने अतिशय नम्र आवाजात मला बाहेर यायला सांगितलं. तेव्हापासून ऑफिसची सहल निघाली की माझी कंबर धरते. सगळ्यांना ती कंबर पाठ झाली आहे.

तर अशा बापाच्या घरात मुलगा लाजाळू निघाला, यात मला काही वावगं वाटलं नाही.

बायकोला मात्र वाटत होतं. झेमीतली एक मुलगी आमच्याकडे एकदा जेवायला येऊन गेली होती. हसरी, मोकळी, चटपटीत पोर. कोथिंबीर वडी तिला इतकी आवडली की जाताना डब्यात मागून घेतली, आणि जपानी माणूस मागून घेतो म्हणजे काय हे इथे राहिलेल्यालाच कळेल. हिवाळाभर मुलाच्या तोंडी तिचं नाव असायचं. वसंत ऋतू आला आणि ते नाव बंद झालं. बायकोने दोनदा विचारलं, त्याने दोनदा "बिझी आहे ती" म्हणून सांगितलं. आणि आता सहलही नको.

मग एका शनिवारी सकाळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता त्याने मला विचारलं, "बाबा, इन्शुरन्सवर डॉक्टरकडे गेलं की तुम्हाला कळतं का?"

"कळतं ना. तू माझ्या इन्शुरन्सवर आहेस. कोण कुठल्या दवाखान्यात गेलं त्याचा कागद कंपनीकडून येतो."

"आणि इन्शुरन्स न वापरता गेलं तर?"

"तर नाही कळत. का रे?"

"काही नाही. असंच."

माझा धंदाच सॉफ्टवेअर तपासायचा आहे. प्रोग्रामरने "असंच" म्हटलं की मी खुर्ची पुढे ओढतो. कुठेतरी पाणी मुरत होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. पोहे संपल्यावर मी म्हटलं, "चल, नदीवर जाऊन येऊ."

आराकावा नदीचा बांध आमच्या घरापासून चालत जाण्यासारखा आहे. तोझाई लाइनची गाडी तिथे पुलावरून जाते आणि जाताना असा खडखडाट करते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आम्ही गवतावर बसलो. मी ताकाला जाऊन भांडं लपवत राहिलो. अभ्यास कसा चाललाय, अरुबाइतोचं काय, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या कोनबिनी दुकानातली त्याची अर्धवेळ नोकरी, तिथला मॅनेजर बरा आहे का. तो हो-नाही करत पुलाकडे बघत होता. गाडी आली तसा तो काहीतरी बोलला.

"काय म्हणालास?"

तो पुन्हा पुलाकडे बघायला लागला. दुसरी गाडी आली, पुन्हा बोलला. तेव्हा मला कळलं की हा मुद्दाम गाडीची वाट बघतोय. मी त्याच्या जवळ सरकलो आणि म्हटलं, "मला ऐकू येत नाहीये. गाडी नसताना सांग. मी ओरडणार नाही."

त्याने सांगितलं. त्याने एका खासगी क्लिनिकमध्ये ऑपरेशन ठरवलं होतं, पुढच्याच शनिवारी. कसलं, तर तिथलं. "तिथलं" म्हणताना त्याने मान इतकी खाली घातली की मला पुढचं विचारावं लागलं नाही. त्याचं नॉर्मल नाही, असं क्लिनिकचं म्हणणं होतं.

"तपासलं कुणी?"

"अजून नाही. ऑनलाइन काउन्सेलिंग झालं. त्यांचे क्वेश्चन असतात, आपण आन्सर करायचं, मग ते सांगतात."

"न बघताच?"

"हं."

न बघता बग काढणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मी शब्द दिला होता. मी विचारलं, दुखतं का, लघवीला त्रास होतो का? नाही. मग कशाला? त्याने फोन काढून मला एक जाहिरात दाखवली. जपानी कॉमिकसारखी चित्रं होती. एक मुलगा आणि एक मुलगी, खोलीचं दार लागतं, पुढच्या चित्रात मुलीचा चेहरा पडलेला आणि मुलगा एकटा रडतोय. मग क्लिनिकचं चकचकीत दार. मग तीच मुलगी त्याच्या गळ्यात. खाली लिहिलं होतं की इन्शुरन्स लागत नाही, त्यामुळे घरच्यांना कळत नाही, आणि हप्त्यांची सोय आहे. कुठल्याही व्हिडिओच्या आधी हे लागतं, तो म्हणाला. ज्युनियर हायस्कूलमध्ये होता तेव्हापासून. कधी केसांची जाहिरात, अंगावर केस असले की मुली जवळ बसत नाहीत म्हणे. कधी ही.

"आणि माझी सही चालते," तो म्हणाला. "अठरानंतर इथे अ‍ॅडल्टच असतो. मी नाइनटीन आहे. तुमची परमिशन नाही लागत."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मी परमिशन देतच नाहीये. मी विचारतोय. नॉर्मल नाही, हे कुणाच्या मानाने?"

"बाकीच्यांच्या."

"बाकीचे कोण?"

त्याने गवताची एक काडी उपटली. मग म्हणाला, "व्हिडिओमधले."

कसले व्हिडिओ ते मी विचारलं नाही, कळायला काय कठीण होतं? सगळेच बघतात, तो म्हणाला, आणि तेही खरं असणार. मी त्या मुलीबद्दल विचारलं. भांडण झालं का?

"नाही. ती छान आहे, बाबा. खूपच छान आहे. पण पुढे कधीतरी... तिला कळलंच असतं ना. म्हणून मी रिप्लाय देणं बंद केलं. ऑपरेशन झालं की बोलणार होतो."

मला एकाच वेळी हसू आलं आणि रागही आला. एवढा हुशार मुलगा. तीन भाषा बोलतो. आणि चांगल्या अंगावर सुरी चालवून घ्यायला निघालाय, एका आवडत्या मुलीला वाऱ्यावर सोडून, का, तर फोनवरच्या चित्रातल्या मुलीचा चेहरा पडला म्हणून. त्याने या जन्मात खऱ्या माणसाचं अंग पाहिलंच नव्हतं. घरात पाहावं तर आम्ही सगळे टॉवेलात. शाळेत विचारावं तर फुलातले पुंकेसर आणि परागकण. उरला फोन, आणि फोन रात्रंदिवस सांगायला तयारच होता.

मी तिथेच बांधावर ठरवलं की ओरडायचं नाही, हसायचं नाही आणि हे इथे सोडायचं नाही. शनिवारला आठवडा होता.

"ऑपरेशन करायचं की नाही ते तू ठरव," मी म्हटलं. "पण त्याआधी दोन गोष्टी माझ्याबरोबर करायच्या. एक, खऱ्या डॉक्टरला दाखवायचं. इन्शुरन्सवर. कागद येईल तो माझ्याकडेच येईल, आणि मला तर आता कळलंच आहे."

"आणि दुसरी?"

दुसरी मलाच अजून माहीत नव्हती. "सांगतो नंतर," म्हटलं.

मंगळवारी ऑफिसमधून लवकर निघून मी त्याला स्टेशनजवळच्या मूत्ररोगाच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथे सगळे माझ्या वडिलांच्या वयाचे लोक, त्यात हा एकटा कोवळा. याने टोपी भुवयांपर्यंत ओढून घेतली. आत जायला त्याच्याबरोबर मीही उठलो, तर डॉक्टरांनी हाताने मला थांबवलं आणि त्याला एकट्याला बोलावलं. बरोबरच होतं. मी परत त्या आजोबांमध्ये जाऊन बसलो.

थोड्याच वेळात तो बाहेर आला. डॉक्टरने तपासलं आणि काही करायची गरज नाही म्हणून सांगितलं. त्रास नसेल तर हात लावायचा नाही. त्यावर मुलाने त्यांना क्लिनिकचं सांगितलं, तर ते म्हणाले की अशी मुलं त्यांच्याकडे येतात, आणि ऑपरेशन करून झालेलीही येतात, ती जास्त वाईट अवस्थेत. मग त्यांनी याला विचारलं की संसर्ग कसे होतात ते माहीत आहे का, काळजी कशी घ्यायची, जोडीदाराला आधी काय विचारायचं. याला धड काही माहीत नव्हतं. "काळजीच करायची तर याची कर," डॉक्टर म्हणाले आणि समजावून सांगत बसले.

मला वाटलं, झालं, सुटलो. रस्त्यात मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तर हा म्हणतो, "डॉक्टर तसंच सांगणार ना. त्यांना काय, ते म्हातारे आहेत. शनिवारचं मी अजून कॅन्सल नाही केलेलं."

रात्री जेवताना पुन्हा तेच. मी चिडून बायकोला म्हटलं, "डॉक्टरचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही, ऐकतो कुणाचं?"

ती म्हणाली, "ऐकण्याचा प्रश्नच नाहीये. त्याने इतकी वर्षं डोळ्यांनी पाहिलंय. तू त्याला कानाने बरं करायला निघालायस."

मी घास तसाच ठेवला. दुसरी गोष्ट काय ते मला कळलं होतं, आणि कळताक्षणी माझी कंबर खरोखरच दुखायला लागली.

शुक्रवारी मी सुट्टी घेतली. दुपारी मुलाला म्हटलं, "चल, सेन्तोला जाऊ." सेन्तो म्हणजे गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर. आमच्या भागात अजून ती टिकून आहेत. त्याच्या समोरून मी वर्षानुवर्षं स्टेशनला जात होतो, आत कधी गेलो नव्हतो.

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्ही? तुमची तर कंबर दुखते ना?"

"गरम पाण्याने बरी होते म्हणतात."

"बाबा, खरंच? सगळे कपडे काढावे लागतात हं."

"मला माहीत आहे रे. टॉवेलसुद्धा पाण्यात न्यायचा नसतो. ते मी फार पूर्वी शिकलोय."

कपडे काढायच्या खोलीत माझी जी अवस्था झाली ती मी लिहिणार नाही, पण शर्टाची बटणं काढायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात एक म्हातारा येऊन, कपडे उतरवून, आत जाऊन अंगाला साबण लावूनही मोकळा झाला. सवयीने माझे दात टॉवेलाचं टोक शोधत होते. पण मी ठरवलं होतं. पोराला जे दाखवायचं ते आपण झाकून कसं दाखवणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी टॉवेल घडी करून डोक्यावर ठेवला आणि काच सरकवून आत शिरलो. मुलगा मागून येतोय की नाही हे मी वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने शेजारच्या नळाखाली बादली भरायचा आवाज आला.

मोठ्या टाकीतलं पाणी भयंकर तापलेलं होतं. मी पाय घातला आणि मराठीत किंचाळलो. टाकीतले सगळे आजोबा हसले आणि मला सरकून जागा दिली. कुणी लठ्ठ, कुणी हाडांचा सापळा, एकाच्या छातीवर उभा लांब व्रण, एकाची पाठ अस्वलासारखी केसाळ. एक तिशीतला गडी माझ्याहून मोठं पोट घेऊन निवांत डोळे मिटून बसला होता. सगळ्यांचं सगळं वेगळं होतं आणि कुणालाच त्याचं काही पडलेलं नव्हतं. मुलगा येऊन माझ्या शेजारी पाण्यात बसला, गळ्यापर्यंत. मी समोरच्या भिंतीवर रंगवलेल्या फुजी डोंगराकडे बघत राहिलो. त्याला जे बघायचं ते बघू दे.

बऱ्याच वेळाने तो मराठीत म्हणाला, "बाबा, सगळेच वेगळे आहेत."

"हो."

"हे कधी कुणी दाखवत नाही."

"हे दाखवून कुणाला काय विकता येणार?"

तो हसला. आणि मग माझ्या लक्षात आलं की इथे मराठी कुणालाच कळत नाही. जे आमच्या घरात दारं-खिडक्या लावूनही मला कधी बोलता आलं नसतं, ते इथे भर दुपारी, सात-आठ माणसांत, मोठ्या आवाजात बोलता येत होतं. मग मी काही मूग गिळून बसलो नाही. लग्नाआधी मला काय माहीत होतं, म्हणजे काहीच कसं माहीत नव्हतं, ते सांगितलं. मित्रांनी सांगितलेल्या थापा सांगितल्या. त्या व्हिडिओंमध्ये कुणी कुणाला काही विचारत नाही आणि खऱ्या आयुष्यात दर पावलाला विचारावं लागतं, आणि विचारण्यानेच जवळीक होते, हे सांगितलं. ही काही परीक्षा नाही, पास-नापास काही नसतं. निरोध वापरायचा, नेहमी वापरायचा, त्यात लाजायचं नाही. तिला नको असेल तर नाही म्हणजे नाही, आणि तुला नको असेल तरी तेच. तो मधूनमधून विचारत होता. काही प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती, तर तसं सांगितलं. आजोबा लोक आमच्याकडे कौतुकाने बघत माना डोलावत होते. व्रणवाल्या आजोबांनी शेवटी विचारलं, बापलेक इतकं काय छान बोलताय? मी जपानीत म्हटलं, घरगुती गोष्टी.

बाहेरच्या बाकावर बसून त्याने क्लिनिकला फोन लावला. मी उठून दूर जाणार होतो, त्याने मला बसायला सांगितलं. पलीकडची बाई फार गोड बोलत होती. आज पक्कं केलं तर सवलत आहे. पुढे ढकलायचं का? मैत्रीण आहे का तुम्हाला, तिच्यासाठी तरी विचार करा. एवढं ऐकल्यावर माझे हात शिवशिवले. फोन हिसकावून घ्यावा आणि त्या बाईला पुणेरी जपानीत चार शब्द ऐकवावेत असं वाटलं. मी हात मांडीखाली दाबून धरले. हे त्यालाच करायचं होतं. "नको," तो तीनदा म्हणाला, दर वेळी आदल्यापेक्षा मोठ्याने. मग त्याने फोन ठेवला आणि तिथेच बसून त्या मुलीला मेसेज लिहिला. लिहायला अर्धा तास लागला. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. मुलगा फोन उलटा ठेवून जेवायचा, दोन घासांनी सुलटा करायचा. बायको म्हणाली, थांब, तिलाही राग यायचा हक्क आहे. नंतरच्या आठवड्यात उत्तर आलं. रविवारी भेटू, आणि तुझ्या आईला चालणार असेल तर तुमच्या घरी. बायकोने लगेच कोथिंबिरीच्या चार जुड्या आणल्या.

ती आली तेव्हा तिने जाड काड्यांचा मोठा चष्मा लावला होता. पूर्वी नव्हता. मुलगा तिला स्टेशनवरून घेऊन आला तो पांढरा फटक पडून. वाटेतच त्यांचं काय ते बोलणं झालं असावं. आम्ही जेवायला बसलो. आमटीच्या वाफेने तिच्या काचा धुरकटल्या, तिने चष्मा काढून बाजूला ठेवला, आणि आम्हाला दिसलं. दोन्ही पापण्यांवर लालसर, ताजी रेघ होती. सूज अजून पुरती उतरली नव्हती. इथे कितीतरी जणांची पापणी सरळ, बिनघडीची असते आणि तिला घडी पाडून डोळे मोठे करून देणाऱ्या जाहिराती गाडीच्या डब्यात, फोनवर, सगळीकडे असतात. मी त्या रोज बघत होतो. त्या माझ्यासाठी नव्हत्या म्हणून वाचत नव्हतो, इतकंच.

बायकोने तिच्या पानात वडी वाढली. तेव्हा ती मुलगीच बोलायला लागली, आम्हाला कळावं म्हणून सावकाश, सोप्या जपानीत. हा अचानक बोलायचा बंद झाला. भांडण नाही, कारण नाही. मग ती विचार करत बसायची, माझ्यात काय चुकलं? आणि फोन उघडला की ती जाहिरात यायची. लहान डोळ्यांच्या मुलीला मुलगा सोडून जातो, डोळे मोठे झाले की परत येतो. रोज यायची. शेवटी तिला वाटलं, हेच असणार.

"मागच्या महिन्यात केलं," ती म्हणाली. "एक टाका पिकला. आता बरं आहे."

मुलगा जेवत नव्हता. तो तिला म्हणाला, "मला तुझे आधीचे डोळे आवडायचे." आमच्यासमोर म्हणाला, आईबापांसमोर.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. "मग ते तेव्हा का नाही सांगितलंस?" तिने विचारलं. "तुझं जे काय होतं, तेही. तोंडाने सांगायचं होतं. मी ऐकलं असतं."

तो तोंड उघडायचा आणि मिटायचा. मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि संताप तर इतका आला होता की समोर ते क्लिनिक असतं तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. पण तिचा प्रश्न क्लिनिकला नव्हता. तो आमच्या घराला होता. मी हातातला घास खाली ठेवला आणि माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत, त्याच्याऐवजी, तिला उत्तर दिलं.

"त्याला कुणी शिकवलं नव्हतं," मी म्हटलं. "मला येत नव्हतं म्हणून. आता आम्ही दोघंही शिकतोय."